कार्ले, देहूरोड आणि विहाराचा कॅमेरा

लोणावळ्याहून पुण्याकडे जाणाऱ्या लोकलचे पहिलेच स्टेशन म्हणजे मळवली. स्टेशन लहान, पण बौद्ध माणसाच्या दृष्टीने फार मोठ्या ठिकाणी वसलेले. रुळांच्या एका बाजूला भाजे लेणी आणि त्यामागे लोहगड-विसापूर, तर दुसऱ्या बाजूला जुना मुंबई-पुणे रस्ता ओलांडला की डोंगरात कार्ले लेणी. त्याच लोकलने आणखी पुढे गेले की देहूरोड येते. २५ डिसेंबर १९५४ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना केली ते हे गाव. दोन हजार वर्षांपूर्वीचा धम्म आणि बाबासाहेबांनी पुन्हा उभा केलेला धम्म एकाच लोकलच्या मार्गावर आहेत.

२०२४ साली आम्ही या वाटेने दोनदा गेलो. पहिल्यांदा हौसेने गेलो, आणि दुसऱ्यांदा पहिल्या वेळी झालेली चूक निस्तरायला. वाचकहो, ही त्याच चुकीची हकीकत. त्यात कॅमेऱ्याच्या बिघाडाची माहिती बरीच येईल. पण आजकाल प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात एखादा कॅमेरा असतोच, तेव्हा ती कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमच्या मुंबईतल्या वस्तीच्या विहाराचा एक डिजिटल कॅमेरा आहे. घरटी वर्गणी काढून घेतलेला. लग्ने, नामकरण, श्रामणेर शिबिर, पुण्यानुमोदनाचे कार्यक्रम, सगळीकडे तोच. आम्ही पाच-सहा जण तो आळीपाळीने सांभाळतो. कोणी गोदीत कामाला, कोणी शिवणकाम करणाऱ्या, एक जण सुतार. छायाचित्रण कोणी शिकलेले नाही. चुकतमाकत हात बसला एवढेच.

वस्तीत एक आत्या आहेत. नात्याने कोणा एकाच्या, पण हाकेला सगळ्या वस्तीच्या. त्यांचे माहेर देहूरोडचे, वडील तिथल्या लष्करी डेपोत मजूर. १९५४ च्या त्या दिवशी आत्या आठ वर्षांच्या होत्या. त्या सांगतात, "बाबासाहेब दिसले का म्हणाल तर खरं सांगते, मला दिसली ती माणसांची पाठच. मग बापानं खांद्यावर घेतलं, तेव्हा लांबून एक डोकं दिसलं." त्या दिवशीचा घरात एकही फोटो नाही. मजुराच्या घरात तेव्हा कॅमेरा कुठून येणार? डिसेंबरमध्ये त्या घटनेला सत्तर वर्षे पुरी होणार होती. म्हणून ठरले की, आत्यांना देहूरोडच्या विहारात नेऊन त्यांचा एक चांगला फोटो काढायचा, मोठा करून आपल्या विहारात लावायचा, आणि जाता जाता कार्ल्याचे शिलालेखही टिपून आणायचे. आमच्या मुलामुलींनी नुकतीच धम्मलिपीची अक्षरे गिरवायला घेतली होती.

बुद्धपौर्णिमेनंतरच्या रविवारी, २६ मे रोजी, आम्ही पहाटेच्या गाडीने निघालो. कार्ल्याच्या पायऱ्या चढताना ऊन तापले होते. रविवार असल्याने एकवीरा देवीच्या भाविकांचीही रीघ होती. चैत्यगृहाच्या अगदी तोंडाशी ते मंदिर आहे. डाव्या हाताला चार सिंहांचा उंच स्तंभ अजून उभा आहे. उजवीकडच्या त्याच्या जोडीदाराच्या जागी आता मंदिर आहे. आत्या पायऱ्या मोजीत, बसत उठत वर आल्या आणि स्तंभाकडे पाहून आधी हात जोडले.

आत पाऊल टाकले की बाहेरचा गलका मागे राहतो. देशातले हे सर्वांत मोठे कोरीव चैत्यगृह. उंची सुमारे १४ मीटर, दोन्ही बाजूंना पंधरा पंधरा नक्षीदार शिरोभागांचे खांब, स्तूपामागे सात साधे खांब. वर छताला लाकडी कमानी आहेत, त्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या. आमचा सुतार मान वर करून किती तरी वेळ उभा होता. सागवान इतकी वर्षे टिकते हे त्याला ऐकून माहीत होते, डोळ्यांनी तो पहिल्यांदाच पाहत होता.

पण त्याला खरे खेचले ते प्रवेशद्वारापाशी. कार्ल्याला राजांचे दान आहे, वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, यवनांची नावे आहेत. त्यांच्याच पंगतीला धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचा लेख आहे. हे द्वार त्याने केले, अशी नोंद आपल्या बापाच्या नावासह दगडात आहे. सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या सिंहदत्ताचेही दान तिथेच. हाताने काम करणाऱ्या माणसाचे नाव राजाच्या नावाशेजारी कोरावे असे ज्या धम्माला वाटले, तो आपला धम्म. आमच्या सुताराने लेखाला हात न लावता, हातभर अंतरावरून एकेक अक्षर जुळवले आणि म्हणाला, "याचा फोटो नीट काढा. दुकानात लावीन."

आम्ही फोटो काढला. आत गेल्यावर खांबांचे, स्तूपाचे काढले. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, ती आमच्याकडे नव्हती. म्हणून आयएसओ वाढवून हातानेच काढले. मग मागच्या पडद्यावर पाहिले तर स्तूपावरून खालपर्यंत एक उभी हिरवट रेघ! प्रथम वाटले, चैत्यगवाक्षातून आलेला किरण असेल. दुसऱ्या फोटोत खांबावर रेघ. तिसऱ्यात सिंहस्तंभावर, तिथे मात्र केसासारखी बारीक. कोणी म्हणाले, पडद्यावर चरा पडला आहे. आम्ही पडदा पुसला आणि पुढे निघालो.

दुपारी देहूरोडला विहारात पोचलो. रंगूनहून आलेली ती मूर्ती पाहून आत्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. याच गावच्या सभेत बाबासाहेबांनी, सामान्य माणसाला समजेल असा बुद्धाच्या शिकवणुकीवरचा ग्रंथ आपण लिहीत आहोत, असे जाहीर केले होते. तो ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. आम्ही आत्यांना मूर्तीसमोर बसवले, फोटो काढले आणि त्यांनाच पडदा दाखवला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिले. "पोरांनो, माझ्या तोंडावर ही काठी कशाला उभी केली?"

रेघ बरोबर त्यांच्या डाव्या डोळ्यावरून गेली होती. चरा पडद्यावर नव्हता, फोटोतच होता. मोबाइलवरही आम्ही फोटो काढले होते. हातात धरून पाहायला ते छान होते. पण विहारातल्या मंद उजेडात मोबाइलने आत्यांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसून चेहरा मेणासारखा केला होता. भिंतीवर मोठा करून लावण्याजोगा त्यांतला एकही नव्हता.

घरी आल्यावर एका मुलाने युक्ती काढली. मोबाइलमधल्या एका ॲपने रेघ पुसून दाखवली. क्षणभर सगळे खूष. मग आत्या म्हणाल्या, "हा डोळा माझा नाही." खरेच नव्हता. ॲपने बाजूचे पाहून अंदाजाने डोळा भरला होता. सामी सुताराच्या लेखाचे तर त्याहून वाईट झाले. रेघ जिथून गेली होती तिथल्या अक्षरात दगडावर नसलेली एक आडवी मात्रा उमटली. अक्षर गिरवणाऱ्या मुलीने ते वहीतल्या अक्षराशी ताडून पाहिले आणि चूक पकडली. उद्या तोच फोटो कोणी पुरावा म्हणून पुढे केला असता तर? ज्यांचा इतिहास इतरांनी अंदाजाने भरला त्या माणसांनी आपल्याच लेखात अंदाजाची मात्रा घालावी, हे आम्हाला मुळीच पटले नाही. रेघ फोटोत पुसायची नाही, कॅमेऱ्यातच शोधायची, असे ठरले.

बिघाड नेमका कुठे आहे हे आम्ही घरच्या घरी असे तपासले. आधी लेन्स बदलली, रेघ तिथेच. मग मेमरी कार्ड बदलले, बॅटरी बदलली, रेघ तिथेच. फोटो संगणकावर मोठा करून पाहिला. प्रत्येक फोटोत रेघ काठापासून त्याच अंतरावर. मग लेन्सला टोपण घालून, अंधारात, आधी कमी आणि नंतर जास्त आयएसओवर काळे फोटो काढले. जास्त आयएसओच्या काळ्या फोटोत रेघ ठळक दिसली आणि तिच्या मधोमध एक पांढरा ठिपकाही दिसला. शेवटी आभाळाचा फोटो लेन्सचे छिद्र लहान करून काढला. सेन्सरवर धूळ असती तर त्यात काळसर पुसट डाग दिसले असते, आणि ते हवेच्या रबरी पंपाने गेले असते. तसे डाग नव्हते. म्हणजे दोष सेन्सरचाच.

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या डोळ्याचा पडदा. त्यावर प्रकाश टिपणारे लाखो कण रांगांनी बसवलेले असतात, त्यांना पिक्सेल म्हणतात. अंधारात कॅमेरा त्यांच्याकडून आलेला क्षीण संकेत वाढवून घेतो. सभेत भोंग्याचा आवाज वाढवला की खरखरही वाढते, तसा त्याबरोबर दोषही वाढतो. म्हणून उन्हात केसाएवढी असलेली रेघ चैत्यगृहात काठीएवढी झाली.

दुरुस्तीच्या दुकानातल्या कारागिराने तो ठिपका पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "मिरवणुकीत लेसर होता का?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत होता. डीजेच्या गाडीवर हिरवे, निळे लेसर फिरत होते. पोरे नाचत होती आणि आम्ही त्या झोताच्या समोर उभे राहून व्हिडिओ काढत होतो. कारागिराने समजावून सांगितले. लेसरचा किरण लांब जाऊनही फारसा पसरत नाही. तो लेन्समधून आत शिरला की भिंगाने उन्हात कागद जाळावा तसा सगळा एका टिंबावर गोळा होतो. आमच्या कॅमेऱ्यात सेन्सरपुढे आरसा असतो आणि तो फोटो काढण्यापुरताच उचलला जातो. व्हिडिओ काढताना मात्र आरसा वरच राहतो, सेन्सर सताड उघडा. किरण नेमका आत आला, एक ठिपका जळला आणि त्याच्याबरोबर त्याची पूर्ण रांग बिघडली. एखाददुसरा बिघडलेला पिक्सेल सेवा केंद्रात झाकून घेता येतो; आमच्या रेघेला तो उपाय लागू पडला नाही.

डोळ्यांचेही असेच होते. २०२३ च्या गणेश विसर्जन मिरवणुकीनंतर नाशिकमध्ये काही तरुणांच्या डोळ्यांच्या पडद्याला लेसरने इजा झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. तेव्हा आम्ही ती बातमी वाचली होती आणि दुसऱ्यांची म्हणून बाजूला ठेवली होती.

सेन्सर बदलण्याचा खर्च विचारला, तर तो तसल्याच जुन्या कॅमेऱ्याच्या बाजारातल्या किमतीपेक्षा जास्त निघाला. मग विहारात बैठक झाली. तरुणांचे म्हणणे, नवा बिनआरशाचा कॅमेरा घ्या, जग तिकडे चालले आहे. काहींचे म्हणणे, आता मोबाइल पुरे. एकीने उठून सांगितले, "आधी आपल्याला कशाचे फोटो काढायचे ते लिहा, मग दुकानात जा." आम्ही फळ्यावर लिहिले: मंद उजेडातली विहारे, रात्रीची लग्ने, लेण्यांतले लेख, आणि भिंतीवर लावायचे मोठे फोटो.

ही यादी समोर ठेवल्यावर निर्णय सोपा झाला. पावसात वाटी ठेवली आणि घमेले ठेवले, तर पाणी कुठे जास्त साठेल हे सांगायला नको. मोबाइलचा सेन्सर वाटीएवढा; आमच्या जातीच्या कॅमेऱ्याचा सुमारे २३ मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर उंच. मंद उजेडात हा फरक दिसतो. नवा बिनआरशाचा कॅमेरा उत्तमच, पण त्याच्याबरोबर लेन्सही नव्या, नाहीतर जोडणीचा वेगळा तुकडा. ते आमच्या पेटीला झेपणारे नव्हते. मोठ्या कंपन्यांचे लक्ष बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे वळल्यामुळे आरशाचे चांगले कॅमेरे जुन्या बाजारात स्वस्त झाले आहेत. आमच्या लेन्स शाबूत होत्या. तेव्हा त्याच लेन्स बसतील असा जुना, २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्यायचा आणि उरलेल्या पैशांत ५० मिलिमीटरची, १.८ छिद्राची एक साधी लेन्स. मेगापिक्सेल याहून जास्त लागत नाहीत. ६००० गुणिले ४००० ठिपक्यांचा फोटो इंचाला ३०० ठिपके धरले तरी २० इंच बाय १३ इंच सुरेख छापता येतो. खरा फरक पडला तो त्या साध्या लेन्सने. आमची मूळची झूम लेन्स पुढे ओढली की तिचे छिद्र ५.६ वर येते. तिच्या तुलनेत १.८ ची लेन्स नऊपटीहून अधिक प्रकाश आत घेते.

मुंबईत फोर्टात, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या जवळ, बोरा बाजार हा कॅमेऱ्यांचा जुना बाजार आहे. अरुंद गल्ली, काचेच्या कपाटांत ओळीने मांडलेले कॅमेरे, हातगाड्यांची वर्दळ. आम्ही चौघे गेलो. धम्म एहिपस्सिको आहे, ये आणि स्वतः पाहा असे सांगणारा. दुकानदाराच्या शब्दावर आणि दिसण्याच्या चकाकीवर विश्वास ठेवायचा नाही, असे ठरवूनच गेलो होतो.

पहिला कॅमेरा नवाकोरा दिसत होता. टोपण घालून जास्त आयएसओवर काळा फोटो काढला, तर चांदण्या पसराव्यात तसे रंगीत ठिपके. परत दिला. दुसऱ्याचे शटर किती वेळा उघडले हा आकडा पाहिला. अशा साध्या कॅमेऱ्याचे शटर लाखभर वेळा उघडेल या हिशेबाने बनवलेले असते आणि हा लाखाच्या पुढे गेलेला. परत दिला. तिसरा अंगाने घासलेला, रबर एका कोपऱ्यात सुटलेले. पण काळा फोटो स्वच्छ, पांढऱ्या भिंतीचा फोटो स्वच्छ, अर्ध्या मिनिटाच्या फोटोतही रेघ नाही, शटरचा आकडा कमी. व्हिडिओही काढून पाहिला. पावती घेतली, तिच्यावर कॅमेऱ्याचा क्रमांक आणि परत करण्याची मुदत लिहून घेतली. रबर आमच्या सुताराने घरी चिकटवले.

२४ डिसेंबरला रजा टाकून आम्ही पुन्हा मळवलीला उतरलो. दुपार कलल्यावर कार्ल्याच्या चैत्यगृहात उजेड आतवर सरकला होता. नव्या लेन्सने खांब, स्तूप, लाकडी कमानी हाताने काढल्या आणि पडद्यावर रेघ नव्हती. सामी सुताराच्या लेखाचे दहा फोटो घेतले. तिरका उजेड पडला की अक्षरांची खोली दिसते, हेही शिकलो. अक्षर पकडणाऱ्या त्या मुलीने तिथेच उभे राहून ती मात्रा दगडावर नसल्याची खात्री करून घेतली. रात्री आत्यांच्या भावाच्या घरी देहूरोडला मुक्काम केला.

सकाळी विहाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पांढरी वस्त्रे, निळे झेंडे आणि पंचरंगी धम्मध्वज. गर्दीत आत्यांना धक्का लागू नये म्हणून आम्ही त्यांच्याभोवती कडे केले. त्या हसल्या, "तेव्हाही बापानं असंच केलं होतं." वंदना झाल्यावर त्यांना मूर्तीसमोर बसवले आणि फोटो काढला. त्यांनी पडदा मागून घेतला, डोळ्यांजवळ नेला. "आता मी हाय," एवढेच म्हणाल्या.

तो फोटो आता आमच्या विहारात लागला आहे. त्याच्या प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आहेत, कारण कॅमेरा आज ना उद्या पुन्हा बिघडणार, कार्डही बिघडणार. सामी सुताराच्या लेखाचा फोटो आमच्या सुताराच्या दुकानात आहे. रेघेचा जुना कॅमेरा टाकला नाही. दिवसाउजेडी मुले त्याच्यावर शिकतात आणि रेघ का आली हेही त्यांना सांगावे लागते.

जयंतीच्या बैठकीत लेसरचा विषय निघाला तेव्हा वादावादी झाली. पोरे म्हणाली, इतरांच्या मिरवणुकीत असतो, आपल्याच का नको? आम्ही दोन फोटो पुढे ठेवले, रेघेचा आणि बिनरेघेचा, आणि लेसरच्या भाड्याचा आकडा सांगितला. २०२५ च्या जयंतीत आमच्या गाडीवर साधे दिवे लागले. नाराजी अजून पुरती गेलेली नाही. पण त्या भाड्याच्या पैशांतून मुलांसाठी पुस्तके आली.

वाचकहो, आपल्या वस्तीतही अशी एखादी आत्या, एखादे आजोबा असतील. १९५४ चे, १९५६ चे कोणी तरी. त्यांच्याकडे जा, त्यांचे ऐकून लिहून घ्या आणि उजेडात बसवून एक नीट फोटो काढा. कॅमेरा कोणताही चालेल, पण त्याआधी टोपण घालून एक काळा फोटो जरूर काढून पाहा.

जयभीम!